मुक्काम वाई, सायकल खोऱ्यात

सुरूर फाट्याला महामार्ग सोडून आत वळणाऱ्या बहुतेक गाड्यांना वाईत थांबायचं नसतं, त्यांना पाचगणी गाठायची असते. पुण्याहून येणारे सायकलवालेही तेच करतात. पहाटे निघून खंबाटकी चढायचा, मग पसरणी चढायचा, टेबललँडवर फोटो काढायचा आणि दमून परतायचं. घाट मोजण्याचा छंद असेल तर ठीक आहे. ज्याला सायकलवर मुलूख बघायचा आहे त्यानं दोन-तीन दिवस मुक्काम वाईतच ठेवावा, सामान खोलीवर टाकावं आणि रोज एक दिशा धरून हलक्या सायकलनं बाहेर पडावं. वाईची रचनाच त्याला सोयीची आहे. उत्तरेला पांडवगड आणि मांढरदेवीचा डोंगर, दक्षिणेला पाचगणीचं पठार, पश्चिमेला खोरं अरुंद होत कमळगड आणि महाबळेश्वरच्या कड्यांपर्यंत गेलेलं, तर पूर्वेला मोकळं. म्हणजे पूर्व-पश्चिम रस्ते सोपे आणि उत्तर-दक्षिण रस्ते दम काढणारे. पायात किती जोर उरलाय ते सकाळी पाहायचं आणि दिशा ठरवायची.

पहिला दिवस पश्चिमेला द्या. वाईतून मेणवली तीन किलोमीटर, धोम आठेक. कृष्णेच्या कडेनं उसाची आणि हळदीची शेतं लागतात. चढ-उतार आहेत, पण घाट म्हणावा असं काही नाही. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट. ‘स्वदेस’ चित्रपटामुळे (२००४) इथं गर्दी वाढली, तरी सकाळी आठच्या आत पोचलात तर धुणं धुणाऱ्या बायका आणि तुम्ही एवढेच असाल. घाटावर एका छोट्या घुमटीत टांगलेली मोठी घंटा नीट पाहा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळादेवळांत वाटल्या, त्यांतली ही एक. क्लीटचे बूट असतील तर इथं काढून हातात घ्या. ओल्या दगडी पायऱ्यांवर ते साबणासारखे सटकतात.

धोमला धरणाच्या आधी नरसिंहाचं देऊळ आहे. तिथल्या कमळाच्या आकाराच्या कुंडात दगडी कासव आहे आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंड भरलेलं असलं की कासव खरंच तरंगतंय असं वाटतं. धरणापुढे जलाशयाच्या कडेनं रस्ता आत जातो तो थेट जोर गावाकडे, महाबळेश्वरच्या भिंतीखाली. पूर्ण जोरपर्यंत जायलाच हवं असं नाही. कमळगड डाव्या-उजव्या हाताला सरकत राहतो, पाणी कधी दिसतं कधी लपतं, कंटाळा आला की वळायचं. धोमच्या पुढे खाण्यापिण्याचा भरवसा धरू नका. चहाची टपरी भेटली तर नशीब, जेवण हवं असेल तर जाताना एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवायची आणि येताना खायची.

वाऱ्याचा हिशेब आधी करा. एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत वारं पश्चिमेचं असतं. सकाळी ते नरम असताना त्याच्या तोंडावर जायचं आणि दुपारी ते पाठीशी घेऊन वाईत यायचं. हिवाळ्यात तेवढा विचार करायला नको. पावसाचं गणितही इथं मजेदार आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवाई अंतरानं जवळच असलेल्या वाईत त्याच्या पाव भागही नाही. त्यामुळे जुलैत वाईतून कोरडे निघालेले लोक खोऱ्याच्या वरच्या टोकाला चिंब होतात. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोटाभर असलं तरी थांबा. खालच्या शेवाळावर सायकलचं बारीक टायर टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी घाट. पसरणीचा घाट चढायला चांगला आहे. वाई सातशेवीस मीटरच्या आसपास, पाचगणी बाराशेनव्वदच्या, मध्ये बाराएक किलोमीटर. म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आतला, एकसारखा चढ. एकदा लय सापडली की मागे-पुढे बघत निवांत चढता येतो. वळणावळणाला खाली कृष्णा, वाई आणि धोमचं पाणी दिसत राहतं. वाईट आहेत त्या गाड्या. शनिवारी सकाळी दहानंतर आणि रविवारी दुपारनंतर या घाटात सायकल घालण्यात काही अर्थ नाही. उजाडायच्या आत पायथ्याचं पसरणी गाव सोडा. (शाहीर साबळे याच गावचे.) कठड्यावर माकडं बसलेली असतात. पर्यटकांनी त्यांना इतकं लाडावलंय की उभ्या सायकलच्या हँडलबारवरची पिशवीसुद्धा ती उघडतात, तेव्हा केळी पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा.

वर पोचल्यावर त्याच घाटानं परत येऊ नका, हे मी आग्रहानं सांगेन. पाचगणीहून करहर, कुडाळ, पाचवड करत वाईला येणारा फेरा पन्नास किलोमीटरच्या आसपास होतो. जावळीच्या बाजूचा हा उतार अरुंद आहे, वळणांवर खडी असते, पण गाड्या अगदीच तुरळक. करहरला प्रतिपंढरपूर म्हणतात आणि आषाढीला तिथं मोठी गर्दी होते, तो दिवस टाळा. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी जोरात दाबायचा आणि सोडायचा, नाहीतर रिम तापते आणि खालच्या वळणावर ब्रेक लागतच नाही. अंगात जोर असेल तर उतरण्याआधी भिलारला जाऊन या. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचं हे गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कोणीही जाऊन बसावं आणि वाचावं. डिसेंबर ते मार्च आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेतं.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर उत्तरेला जा. मांढरदेवीचा घाट पसरणीपेक्षा कडक. वरचं काळूबाईचं ठाणं समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे वाईतून सातशेएक मीटर चढायचं. चौतीस दातांचं मागचं चक्र असेल तर गुडघे दुवा देतील. मंगळवार, शुक्रवार, रविवार भाविकांच्या जीपगाड्यांचे. पौष पौर्णिमेच्या यात्रेत तर सायकल इकडे फिरकवूच नये. २००५ च्या जानेवारीत इथल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसं गेली, त्यानंतर यात्राकाळात बंदोबस्त आणि वाहतुकीचे नियम कडक असतात. इतर दिवशी हा रस्ता सुंदर आहे. आणखी एक उपयोग: पलीकडे आंबाडखिंडीतून तो भोरला उतरतो. पुण्याहून सायकलवरच येणार असाल तर कापूरहोळला महामार्ग सोडा आणि भोर, मांढरदेवी करत वाईत या. अंतर वाढतं, चढही वाढतो, पण खंबाटकीत ट्रकच्या चाकांशेजारून धापा टाकत जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम. हवा उत्तम आणि रस्ते धोक्याचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात. वरचा टेप इतका मोठा असतो की तुमची घंटी चालकाला ऐकू येणं अशक्य. मागची ट्रॉली झोल खाते आणि बाजूनं लोंबणारे ऊस सायकलवाल्याच्या खांद्याच्या उंचीवर येतात. ट्रॅक्टर मागून आला की सरळ खाली उतरून उभं राहायचं. त्याला ओलांडायचा विचार करायचा नाही, विशेषतः संध्याकाळी. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. गावांच्या तोंडाशी न रंगवलेले गतिरोधकही असतात, त्यामुळे अंधाराच्या आत मुक्कामी या.

सामानात बाभळीच्या काट्यांची आठवण ठेवा. पंक्चरवाला वाईत सहज मिळेल, पण त्याच्या कॉम्प्रेसरची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्वची असते. तुमच्या सायकलला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर पितळी अडॅप्टर पाकिटात ठेवा. मटाराएवढी वस्तू, पण ती नसली तर भरल्या दुकानातून हात हलवत परतावं लागतं. सातशे-सी मापाच्या दोन ट्यूब बरोबर हव्यात. लॉजवर खोली घेताना तळमजला मागा आणि सायकल आत घ्यायची परवानगी आधीच ठरवा. वाटेत रस्ता विचारताना अंतर विचारू नका. “हे काय, गाडीवर धा मिनिटं,” असंच उत्तर येणार. “चढ हाय का?” असं विचारा, तेही सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरांना. ती बरोब्बर सांगतात कुठं उतरून ढकलावं लागतं.

शेवटचा दिवस पूर्वेला, पाय मोकळे करायला. बावधन सहाएक किलोमीटरवर. रंगपंचमीला सोनेश्वरहून इथवर बैलांनी ओढलेलं बगाड येतं, त्या दिवशी गेलात तर सायकल गावाबाहेरच लावून चालत जा. तिथून पाचवड आणि मग सातारच्या दिशेनं, जिथं असेल तिथं सेवा रस्ता धरून, लिंब. वाईपासून पंचवीसेक किलोमीटर. लिंबजवळची बारा मोटेची विहीर शके १६४१ ते १६४६ मध्ये शाहू महाराजांच्या राणीवशातल्या वीरूबाईंनी आमराईच्या पाण्यासाठी बांधवून घेतली. ती ११० फूट खोल आणि ५० फूट रुंद आहे. विहिरीच्या पोटात, मोटांच्या खाली, नक्षीदार खांबांचा छोटा महालच आहे. भर दुपारी तिथं इतका गारवा असतो की घामेजल्या अंगानं फार वेळ बसू नये.

लिंबहून वाईला परतायचं नसेल तर सातारा जवळ आहे. मात्र रेल्वे स्टेशन शहरात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. सायकल गाडीत टाकायची तर तासभर आधी पार्सल ऑफिसात जा, दिवे, बाटल्या, पिशव्या काढून घ्या, पेडल आतल्या बाजूला वळवा आणि पावती मिळाल्याशिवाय सायकलजवळून हलू नका.