छातीत आग आणि ईसीजी चांगला? नागीण तर नव्हे?

छातीच्या डाव्या बाजूला आग होते, ईसीजी मात्र चांगला येतो. दोन-तीन दिवसांनी बरगडीच्या रेषेत पाण्याचे फोड उठतात आणि कुणीतरी म्हणतं, ‘अहो, ही तर नागीण!’ लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळ नसांच्या मुळाशी दबा धरून बसलेला असतो. वय झालं किंवा प्रतिकारशक्ती खालावली की तो एखाद्या नसेवाटे बाहेर येतो, बहुतेकदा छाती-पाठीच्याच. नस आधी दुखते, फोड मागून येतात; घोटाळा होतो तो या मधल्या दिवसांत.

तरी घरबसल्या ‘नागीणच असेल’ असं ठरवू नका. छातीवर दाब, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ असेल तर लगेच 108. ती रुग्णवाहिका मोफत आहे. खासगीत ईसीजीला साधारण 200 ते 500 रुपये, ट्रोपोनिन या हृदयाच्या रक्ततपासणीला हजाराच्या आसपास. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. इथे काटकसर नको.

हृदय ठीक निघालं की शर्ट काढून आरशासमोर उभं राहा, पाठ घरच्यांना बघायला सांगा. कापड लागलं तरी झोंबतं का? दुखणं एकाच बाजूला, पाठीकडून पुढे पट्ट्यासारखं येतं का? फोड दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालेलं बरं. निदानाला बहुधा डॉक्टरांची नजर पुरते. तपासण्यांची लांबलचक यादी हाती आली तर कशासाठी, ते विचारा.

औषधांपैकी अॅसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाचदा, सात दिवस, म्हणजे 35 गोळ्या: साधारण हजार-दीड हजार रुपये. व्हॅलासायक्लोव्हिर एक ग्रॅम तीनदा, 21 गोळ्या: दोन-तीन हजार. पाच वेळा आठवणीने गोळी घेणं जमणार नसेल तर माझ्या मते महागडीच परवडते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी सांगा, डोस बदलतो. गेरूचा लेप आणि मंत्र स्वस्तात होतात खरे, पण मोलाचे 72 तास त्यातच जातात. फोड वाळल्यावरही महिनोन्महिने आग राहिली तर तिच्या गोळ्यांचा खर्च वेगळाच. (नागिणीचं वेटोळं अंगाभोवती पूर्ण झालं की माणूस दगावतो, ही भीती मात्र खोटी.)

पन्नाशीपुढच्यांसाठी शिंग्रिक्स ही लस 2023 पासून भारतात मिळते. 2 ते 6 महिन्यांच्या अंतराने दोन डोस, मिळून वीस हजारांच्या आसपास. नागीण होऊन गेलेल्यांनाही ती घेता येते, फक्त फोड अंगावर असताना नाही.