जोर न लावता




व्हजायनिस्मस म्हणजे योनीमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जाणे. संबंधाच्या वेळी, आतून तपासणी करताना, कधी स्वतःचे बोट लावतानाही हे स्नायू घट्ट मिटतात. बाईला संबंध हवा असला तरी ते मिटतात आणि तिने मनाला बजावले म्हणून सुटत नाहीत. पोटरीत गोळा येतो तेव्हा ‘तुझ्या मनातच चालायचे नाही’ असे कोणी म्हणत नाही. इथे मात्र हेच ऐकवले जाते.

हे स्नायू पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात. लघवी रोखून धरताना जे आवळले जाते ते हेच. भीती वाटली की खांदे जसे वर चढतात तशी ही झोळीही वर ओढली जाते. एकदा दुखले की पुढच्या वेळी दुखण्याआधीच ती आवळते, आवळल्यामुळे पुन्हा दुखते आणि भीती खरी ठरते. हे चक्र समजावताना लाजाळूच्या झाडाचा दाखला सुचतो, पण तो टाळावा, कारण त्या नावातच लाज आहे आणि हा लाजेचा आजार नव्हे. डोळ्याजवळ काही आले की पापणी मिटते, ती उपमा बरी.

जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या दवाखान्यात हा त्रास स्वतःच्या नावाने येत नाही. ‘लग्नाला तीन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत’ अशी तक्रार येते. सोबत सासू असते, आणि त्याआधी भगताकडे एक-दोन कोंबड्या खर्ची पडलेल्या असतात. पाळीची चौकशी होते, गोळ्या दिल्या जातात, सोनोग्राफीची चिठ्ठी निघते. पण संबंध होतो का, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळे राज्य हादरले. तेव्हापासून या भागातले आरोग्य मोजले गेले ते मुलांच्या वजनात आणि बाळंतपणाच्या आकड्यांत, आणि ते आवश्यकच होते. पण जिला मूल नाही, अशा बाईच्या दुखण्याला त्या रजिस्टरांत रकाना मिळाला नाही.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी कधी आतून तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तो अभ्यास व्हजायनिस्मसचा नव्हता, पण न विचारलेले दुखणे किती मोठे असू शकते ते त्याने दाखवले. जव्हारच्या वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी पाड्यांवर काम करणाऱ्या परिचारिकेने हे आकडे ध्यानात ठेवावेत.

हा त्रास दोन तऱ्हेने दिसतो. काहींना पहिल्यापासूनच काही आत जात नाही. काहींचे आधी ठीक असते आणि मग काही घडून बिघडते: बाळंतपणातली फाटलेली किंवा नीट न शिवलेली जखम, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, पाळी गेल्यावरचा किंवा अंगावर पाजत असतानाचा कोरडेपणा, जबरदस्ती. लहानपणापासून कानावर पडलेल्या ‘पहिल्या रात्री फाटतं, रक्त येतं’ अशा गोष्टीही पुरतात. योनीपटल ही काही फोडायची वस्तू नाही. ते लवचिक कड्यासारखे असते आणि पुष्कळ जणींना पहिल्या संबंधात रक्त येतच नाही. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतही हे ठाऊक नसते, तेव्हा पाड्यावरच्या मुलीला अडाणी म्हणण्याचे कारण नाही. कित्येकींत एकही ठळक कारण सापडत नाही. कारण सापडेपर्यंत उपचार अडवून धरू नये.

या आजाराला आजचे नाव दिले ते अमेरिकी शल्यविशारद जे. मॅरियन सिम्स यांनी, १८६१ साली लंडनमध्ये. त्यांचा इलाज कापण्याचा होता: पटल काढायचे, तोंड रुंद करायचे आणि वर काचेची नळी ठेवायची. याच सिम्स यांनी गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या होत्या, तेव्हा या नावाचा जन्मच फारशा प्रेमळ हातांनी झालेला नाही. १९७० साली मास्टर्स आणि जॉन्सन यांनी चढत्या मापाच्या नळ्यांचा सौम्य मार्ग रूढ केला. महाराष्ट्रात या विषयांवर उघड बोलण्याची वाट र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून पाडली. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग उभारला. त्या वाटेवरून मोखाड्यापर्यंत अजून फारसे काही पोचलेले नाही. २०१३ पासून मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात हा त्रास आणि संबंधातली वेदना एकाच निदानाखाली धरली जातात, कारण दुखणे आणि आवळणे वेगळे काढता येत नाहीत.

पहिल्या भेटीत आतून तपासणी करू नये. उपचाराचा सगळा पाया एवढ्याच गोष्टीवर आहे. सासूला बाहेर बसवून एकटीशी बोलावे, तिच्याच शब्दांत विचारावे आणि शब्द सापडत नसतील तर कागदावर आकृती काढावी. पाळी कधीच आली नसेल तर प्रश्न वेगळा आहे. योनीमार्ग बंद असणे किंवा तयारच न होणे हे जन्मजात असू शकते, तेव्हा तिला थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. अंगावरून घाण वासाचे जाणे, खाज, फोड असल्यास आधी त्यावर उपचार व्हावा. मुलगी अठराच्या आतली असेल तर नळ्यांचा विचार बाजूला राहतो आणि पॉक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक ठरते. घरात मारहाण किंवा बळजबरी होत असेल तर स्नायू सैल करायला शिकवणे म्हणजे त्या बाईलाच दोषी ठरवणे. तिथे आधी तिची सुरक्षितता. तपासणी पुढे करायचीच झाली तर तिच्या ‘थांबा’ या शब्दाला अर्ध्या क्षणात हात मागे यायला हवा.

शिकवण्याची सुरुवात श्वासापासून होते. उताणे पडून गुडघे वाकवावेत, गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी द्यावी, एक हात बेंबीवर ठेवावा. चार आकडे मोजत नाकाने श्वास आत घेताना पोट वर यावे आणि सहा मोजत तो सावकाश सोडावा. श्वास आत जातो तेव्हा छाती-पोटामधला पडदा खाली येतो आणि त्याबरोबर ओटीपोटाची झोळीही थोडी खाली उतरते. बाईला हे उतरणे जाणवू लागले की निम्मे काम झाले. पाचच मिनिटे, पण रोज. दुसरी रीत एडमंड जेकबसन या वैद्याची, गेल्या शतकाच्या पूर्वार्धातली: मुठी पाच सेकंद घट्ट आवळून सोडायच्या, मग खांदे, जबडा, पोट, मांड्या. आवळल्याशिवाय सैल म्हणजे काय ते शरीराला कळत नाही. दिवसभर डोक्यावर हंडे आणि मोळ्या वाहणाऱ्या बाईला ‘आराम कर’ म्हणणे हा विनोद होतो, पण ‘मूठ सोड’ तिला लगेच समजते.

मग तीच आवळ-सोड झोळीच्या स्नायूंची. लघवी रोखल्यासारखे तीन सेकंद आवळावे, सहा-सात सेकंद सोडावे, आणि सगळे लक्ष सोडण्यावर ठेवावे. एक घोटाळा इथे नेहमी होतो. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली सांगितलेला व्यायाम सैल पडलेले स्नायू बळकट करण्यासाठी होता. तोच शंभर वेळा करायला सांगितला तर आधीच आखडलेले स्नायू आणखी आखडतात. उकिडवे बसून सावकाश श्वास घेतला की हे स्नायू आपसूक सैलावतात. इथल्या बायकांचे निम्मे आयुष्य उकिडवे बसून जाते, त्यामुळे हे आसन तरी शिकवावे लागत नाही.

यानंतर स्पर्श. आरशात स्वतःचे अंग पाहणे हीच बऱ्याच जणींसाठी मोठी पायरी असते आणि तिच्यावर आठवडा गेला तरी चालेल. नखे कापून, हात धुऊन, बोटाला जेल किंवा खोबरेल तेल लावून आधी नुसते बाहेर टेकवावे. मग श्वास सोडता सोडता शौचाला बसल्यावर देतात तसा किंचित जोर खाली द्यावा आणि करंगळीचे एक पेर आत सरकवावे. दिशा वर नसून पाठीच्या खालच्या बाजूला असते. हे माहीत नसल्यामुळेच कित्येकींना ‘भिंत लागते’ असे वाटते.

डायलेटर म्हणजे गुळगुळीत, गोल टोकाच्या नळ्यांचा संच. लहानात लहान नळी करंगळीएवढी, साधारण एक सेंटिमीटर जाडीची, आणि मोठी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. सिलिकॉनच्या मऊ असतात. नळीने योनी ‘रुंद’ होत नाही, कारण ती मुळात अरुंद नसतेच. नळी मेंदूला शिकवते की आत काही आले तरी दुखत नाही. म्हणून ती घालणारा हात त्या बाईचाच असावा. रोज किंवा आठवड्यातून चार-पाच दिवस, दहा-पंधरा मिनिटे. नळी आत गेली की हलवू नये, श्वास चालू ठेवावा. स्नायू सैलावले की जरा आत-बाहेर, जरा गोल फिरवावी. तेच माप चार-पाच दिवस न दुखता जाऊ लागले की पुढचे घ्यावे. दहापैकी तीनपर्यंतचा ताण चालतो. आग होऊ लागली, रक्त आले की थांबावे आणि दुसऱ्या दिवशी आधीच्या लहान मापावर यावे. मागे येणे हे अपयश नव्हे, पण ते आधीच सांगून ठेवले नसेल तर बाई उपचार तिथेच सोडते. काहींना सहा आठवडे लागतात, काहींना सहा महिने.

हा संच मागवणे परवडणारे किंवा शक्य नसेल तर स्वतःची बोटे पुरतात: करंगळी, मग तर्जनी, मग दोन बोटे. मेणबत्ती, बाटली, काकडी यांना सक्त मनाई असावी. नळी साबण-पाण्याने धुऊन, सुकवून स्वच्छ फडक्यात ठेवावी. त्यासाठी तांब्याभर पाणी लागते, आणि धो-धो पावसाच्या मोखाड्यात उन्हाळ्यात टँकर येतात, हेही लक्षात असू द्यावे.

एकांत हा पाण्याहून दुर्मीळ. कुडाच्या एका खोलीत सहा माणसे झोपतात. दिवाळीनंतर जी जोडपी भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्यांना तिथल्या झोपडीत तेवढाही आडोसा नसतो. म्हणून वेळापत्रक डॉक्टरच्या सोयीने ठरवू नये. आवणी उरकल्यापासून दिवाळीपर्यंतचे दोन-तीन महिने गावात मिळतात. घरचे रानात गेल्यावरची दुपार, किंवा न्हाणीचा आडोसा, असे काही त्या बाईलाच शोधू द्यावे. स्थलांतराच्या काळात निदान श्वास चालू ठेवावा. तो कोणाच्याही देखत करता येतो.

नवऱ्याला वेगळे बसवून सांगावे. उपचार चालू असेपर्यंत आत प्रवेश करण्याचा प्रयत्न पूर्ण बंद. हे ऐकल्यावर दोघांचेही खांदे उतरतात, कारण रात्रीची परीक्षा संपते. जवळीक, चोळणे, कुशीत घेणे चालू राहावे. अशा जोडप्यांतला नवरा बहुधा राक्षस नसतो. तोही घाबरलेला असतो आणि वारंवारच्या अपयशाने त्याचीही ताठरता जाते. ‘थोडी मोहाची पाज म्हणजे सैल पडेल’ हा मित्रांचा सल्ला मात्र ठामपणे खोडावा. शुद्ध हरपलेल्या बाईची संमती नसते, आणि तिच्या मेंदूला त्यातून शिकायलाही काही मिळत नाही. मोठी नळी सहज जाऊ लागली की आधी नवऱ्याचे बोट, मग बाई वर आणि गती तिच्या हातात. पहिल्या वेळी नुसते आत ठेवून थांबावे. तेल वापरले असेल तर निरोध फाटू शकतो, तिथे पाण्यात विरघळणारे जेलच हवे.

हा मार्ग चालतो याला पुरावा आहे. नेदरलँड्समधल्या लायडनच्या २०१३ सालच्या चाचणीत स्त्रियांनी चिकित्सकाच्या सोबतीने, स्वतःच्याच हाताने असा सराव केला. ३५ पैकी ३१ जणींना संबंध जमला. प्रतीक्षा यादीतल्या ३५ पैकी फक्त ४ जणींना जमला. तिथे तज्ज्ञ सोबत होते आणि सराव दाट होता, म्हणून तेच प्रमाण पाड्यावर मिळेल असे वचन कोणाला देऊ नये.

तीन महिन्यांत लहान नळीही जात नसेल, किंवा स्पर्शाने जुन्या अत्याचाराची आठवण उसळत असेल, तर पुढे पाठवावे. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय, त्यापुढे नाशिक किंवा मुंबई. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर स्त्रीरोगतज्ज्ञाशी बोलता येते, आणि मनावरच्या ओझ्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. हट्टाने आवळलेल्या स्नायूंसाठी बधिर करणारे मलम किंवा बोटॉक्सचे इंजेक्शन तज्ज्ञ देतात, पण त्यानंतरही नळ्यांचा सराव करावाच लागतो.

पूर्ण संबंध न होताही काही जणींना दिवस राहतात आणि त्यांची नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत नळ्यांचा सराव डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये. अशा बाईच्या कार्डावर, तिच्या संमतीने, ‘आतून तपासणी विचारून, सावकाश’ एवढे लिहून ठेवावे. प्रसूतिकक्षात रात्रपाळीला असणारीला ते वाचता येईल इतक्या ठळक अक्षरांत.