दरमहा शंभर रुपये जास्त मोजण्याआधी

नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पॉटिफायने भारतात वर्गणीचे नवे प्रकार आणले: १३९ रुपयांचा लाइट, १९९ चा स्टँडर्ड आणि २९९ चा प्लॅटिनम. लॉसलेस आवाज यातल्या फक्त शेवटच्यात मिळतो. स्टँडर्डवरून तिथे जायचं तर महिन्याला शंभर, वर्षाला १,२०० रुपये जास्त पडतात. ॲपल म्युझिकने मात्र २०२१ पासून लॉसलेस नेहमीच्या वर्गणीतच दिलं आहे, वेगळा पैसा नाही. यूट्यूब म्युझिकवर ते मिळतच नाही. तिथली मजल २५६ केबीपीएसपर्यंत, म्हणजे सेकंदाला तेवढे किलोबिट.

माझं मत आधी सांगते, कारणं नंतर. घरात गाणी ब्लूटूथवर वाजत असतील तर हे १,२०० रुपये देऊ नका. चांगले स्पीकर असतील आणि तुम्ही खरोखर बसून ऐकत असाल, तरी आधी घरीच एक चाचणी करा.

लॉसलेस म्हणजे काय, ते थोडक्यात. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. तिच्यावर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, डाव्या-उजव्या बाजूंचे वेगळे. हिशेब होतो १,४११ केबीपीएस. एमपीथ्री आणि तिच्यासारखे इतर प्रकार कानाचा स्वभाव ओळखून यातलं बरंच टाकून देतात. ढोल वाजत असताना त्याच क्षणी शेजारी वाजलेला बारीक स्वर आपल्याला ऐकू येत नाही, मग तो साठवायचा कशाला, असा तो विचार. फ्लॅकसारखे लॉसलेस प्रकार काहीच टाकत नाहीत, नुसती घडी घालतात. नऊवारी घडी घालून कपाटात ठेवली म्हणून आखूड होत नाही, तसंच हे.

टाकलेलं जाणवतं का, हे किती टाकलं त्यावर ठरतं. ९६ केबीपीएसला टाळ, झांजा आणि मैफलीच्या शेवटी पडणाऱ्या टाळ्या ऐका. टाळांचा किणकिणाट पाण्याखालून आल्यासारखा फसफसतो, तानपुऱ्याच्या जवारीतली झळाळी पुसट होते. हे कुणालाही ओळखू येतं. ३२० केबीपीएसला या खुणा जवळजवळ नाहीशा होतात. म्हणून सर्वांत मोठी सुधारणा फुकट आहे: ॲपमधली आवाजाच्या दर्जाची सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर ती घरच्या वायफायसाठी सर्वांत वरच्या पातळीवर न्या. अनेक घरांत ती वर्षानुवर्षं कुणी उघडलेलीही नसते. आणि लॉसलेसचे पैसे भरले असतील, तरी ते आपोआप सुरू होतं असं धरू नका. ॲपल म्युझिकमध्ये ते मुळात बंद असतं आणि स्पॉटिफायवर प्रत्येक उपकरणात वेगळं सुरू करावं लागतं.

आवाज वाटेत कुठे अडतो

फोनमध्ये लॉसलेस आलं तरी स्पीकरपर्यंत ते पोहोचायला हवं. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये तेवढी जागा नसते. फोन गाणं पुन्हा आवळतो आणि मग पाठवतो. सोनीचा एलडॅक हा प्रकार अनुकूल स्थितीत ९९० केबीपीएसपर्यंत जातो, पण तोही आवळलेलाच. आयफोन ब्लूटूथवर एएसी वापरतो आणि ब्लूटूथवर लॉसलेस मिळत नाही, हे ॲपल स्वतःच सांगते. म्हणजे प्लॅटिनमची वर्गणी, त्यावर लॉसलेसची खूण, आणि पलंगाशेजारी ब्लूटूथचा डबा, अशी मांडणी असेल तर शंभर रुपये वाटेतच संपले.

वायफाय स्पीकरचं तसं नाही. होमपॉड किंवा सोनोस यांच्यासारखे स्पीकर गाणं थेट इंटरनेटवरून घेतात, फोन फक्त रिमोटचं काम करतो. मात्र तुमचा स्पीकर तुमच्या ॲपचं लॉसलेस घेतो का, हे वर्गणी बदलण्याआधी बघून घ्या, कारण प्रत्येक जोडीचं उत्तर वेगळं असतं.

घरात जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीचे स्पीकर असतील तर सर्वांत स्वस्त वाट वायरची. यूएसबी-सीमधून हेडफोनची पिन काढणारी छोटी डॅक-वायर (डॅक म्हणजे डिजिटल फाइलचा आवाज करणारा भाग) हजार रुपयांच्या आसपास मिळते. तिच्यातून साधी ऑक्स वायर ॲम्प्लिफायरला जोडली की काम झालं. सीडीच्या दर्जासाठी एवढं पुरतं. त्यापुढे दहा-वीस हजारांचा डॅक घ्यायचा असेल तर सोयीसाठी घ्या, आवाजात मोठी उडी मिळेल या आशेने घेऊ नका.

घरची चाचणी

आपल्याकडची एखादी सीडी कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये उतरवा आणि त्याच फ्लॅकवरून ३२० ची एमपीथ्री बनवा. दोन वेगवेगळ्या ॲपवरची गाणी शेजारी ठेवून तुलना करू नका. एकावर मूळ ध्वनिमुद्रण असतं, दुसऱ्यावर रिमास्टर केलेलं, आणि आपण त्या फरकाला लॉसलेसचा गुण समजतो. दोन्हींचा आवाज अगदी सारखा ठेवा. जरासं मोठ्याने वाजणारं कानाला नेहमी जास्त चांगलं वाटतं, आणि ते मोठं आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. मग घरातल्या कुणालातरी तुमच्या नकळत अदलाबदल करायला सांगा. एकट्याने करायचं तर फूबार२००० हा फुकट प्रोग्रॅम आहे, त्याला एबीएक्सची, म्हणजे न सांगता अदलाबदल करून ओळखायला लावणाऱ्या चाचणीची, जोड मिळते. दहा वेळा ऐका. सहा-सात बरोबर येणं हे नाणं उडवूनही सहज घडतं. नऊ आले तर तुमच्या कानाला फरक कळतो आहे असं मानायला हरकत नाही.

मी ही चाचणी तानपुरा आणि टाळ असलेल्या भजनावर केली. ९६ केबीपीएस दहापैकी दहा वेळा ओळखलं. ३२० आणि लॉसलेस यांत सहा वेळा. त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं, कारण फरक ऐकू येतो याची मला पक्की खात्री होती.

सीडीच्याही वरचा ‘हाय-रेझ’ दर्जा तर सोडूनच द्या. २००७ मध्ये ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी अमेरिकेत अशीच झाकून चाचणी घेतली: सुपर ऑडिओ सीडीसारखा उंची दर्जा आणि तोच सीडीच्या दर्जावर आणलेला. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. खर्च मात्र खरा असतो. ॲपलच्याच हिशेबाने तीन मिनिटांचं गाणं २५६ केबीपीएसला ६ एमबी, लॉसलेसला ३६ आणि हाय-रेझला १४५ एमबी खातं. मोबाइल डेटावर लॉसलेस बंदच ठेवा.

जुन्या गाण्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर उंच पट्टीचे बारीक आवाज फारसे उतरलेच नव्हते. लॉसलेस तिथे सुईची खरखर इमानाने सांभाळेल, नाट्यपदात भर घालणार नाही.

मग पैसे कुठे घालायचे? आधी खोलीत. टाइल्सची फरशी, उघड्या भिंती आणि काचेची खिडकी यांत आवाज आपटत राहतो. जाड सतरंजी आणि पडद्याने जो फरक पडतो तो कुठल्याही वर्गणीने पडत नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून हातभर पुढे आणा, कानाच्या उंचीवर ठेवा, म्हणजे तबल्याचा डग्गा घुमायचा थांबेल. त्यानंतर स्पीकर. वर्षाचे १,२०० रुपये तीन-चार वर्षं बाजूला ठेवले तर बरी, वायरवाली स्पीकरची जोडी दारात येते.

एका ठिकाणी मात्र लॉसलेसला पर्याय नाही: घरातल्या कॅसेट. आजोबांनी गावच्या देवळात केलेलं कीर्तन, गच्चीवरच्या खासगी बैठकी, आईच्या आवाजातली ओवी. हे कुठल्याही ॲपवर मिळणार नाही, आणि एकदा एमपीथ्रीत उतरवलं की टाकलेलं परत येत नाही. खरखर काढायला, आवाज सारखा करायला पुढे कुणी बसलं तर त्याला पूर्ण माल लागेल. उतरवून देणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा, फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या फ्लॅकमध्ये हवी. तासाभराची कॅसेट एक जीबीच्या आत बसते. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, एक दुसऱ्या घरी. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला त्यावरून एमपीथ्री बनवा. आणि मूळ कॅसेट टाकू नका.