अझोला लाल का पडतो? ऊन-सावलीचा एक प्रयोग



आपल्या लोहा-कंधार भागात लाल कंधारी गाय म्हणजे घरातलंच माणूस. माळेगावच्या यात्रेत तिचा थाट बघावा! पण उन्हाळा लागला की हिरव्या चाऱ्याची ओढाताण सुरू होते, म्हणून काही जण अझोल्याचा खड्डा करतात. मग एप्रिलात ऐकू येतं, "अझोला लाल पडला, रोग आला." बरेचदा तो रोग नसतो, ऊन असतं.

आधी मुलांना सांगा, अझोला हे शेवाळ नाही. तो पाण्यावर तरंगणारा नेचा आहे. त्याला फूल नाही, बी नाही. त्याच्या पानांतल्या पोकळीत अ‍ॅनाबिना नावाचे नील-हरित सूक्ष्मजीव राहतात आणि हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. म्हणूनच त्यात प्रथिनं भरपूर.

आता प्रयोग. तीन सारखी प्लास्टिकची घमेली घ्या. प्रत्येकात चाळलेली माती, थोडं शेण, चार बोटं पाणी आणि मोजून ५० ग्रॅम अझोला. एक उघड्या उन्हात, दुसरं लिंबाखाली, तिसरं खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. आटलेलं पाणी रोज भरा. आठ दिवसांनी चाळणीत निथळून वजन करा. त्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. "जास्त ऊन, जास्त वाढ" असं बहुतेक जण लिहितील.

कोपऱ्यातला अझोला फिकट राहतो, फारसा वाढत नाही, कारण अन्न तयार करायला प्रकाशच अपुरा. कडक उन्हातला लालसर होतो. तो लाल रंग अँथोसायनिनचा. जास्तीच्या प्रकाशापासून पान स्वतःवर धरलेली ती छत्रीच म्हणा ना. विरळ सावलीतला मात्र हिरवागार पसरतो.

इथे चौकस पोरगं विचारेल, "सर, उन्हातलं पाणी तापतंय की!" बरोबर आहे. म्हणून दुपारी तिन्ही पाण्यांचं तापमान नोंदवा. स्फुरद कमी पडलं किंवा थंडी वाढली तरी अझोला लाल होतो, म्हणून माती आणि शेण तिन्हीकडे सारखंच हवं.

पालकांसाठी: खड्ड्यावर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधा. नुसत्या लिंबावर भागत नाही, पानगळीत सगळा पाला खड्ड्यात पडतो. पावसाळी ढगाळ दिवसांत नेट काढा. लाल अझोला फेकू नका, सावली मिळाली की नवी पानं हिरवी येतात. आणि जनावराला देताना दोन-तीन पाण्यांनी धुवा, शेणाचा वास राहिला तर गाय तोंड लावत नाही.