आपल्या हातातले रूपक



आजच्या अभ्यासाचा विषय आहे रूपक. शाळेत मराठीच्या तासाला उपमा आणि रूपक शिकलो होतो, आठवतंय ना? 'मन पाण्यासारखे आहे' ही उपमा. तिच्यात मन वेगळे, पाणी वेगळे आणि मध्ये 'सारखे' हा शब्द उभा. 'मन हेच पाणी' म्हटले की तो शब्द गळतो, दोन्ही एक होतात. हे झाले रूपक.

आपणही म्हणतो, "संसारातून वेळच मिळत नाही, साधना कधी करणार?" म्हणजे काम एकीकडे, नाम दुसरीकडे. संतांनी रूपकाने हेच अंतर मिटवले. कसे, ते बघू.

*नरहरी सोनार.* त्यांच्या प्रसिद्ध अभंगात सोनाराचे सगळे दुकान आहे. देह ही शेगडी, नाम हे सोने, तीन गुणांची मूस, विवेकाचा हातोडा. त्या हातोड्याने कामक्रोधाचे चूर्ण होते. शेवटी ज्ञानाचा तराजू येतो. आणि गंमत बघा, सोनार कातरताना सोने चोरतो असे लोक बोलत. नरहरी ते टोमणे टाळत नाहीत. मन आणि बुद्धीच्या कातरीने आपण चोरी करतो, पण रामनामाच्या सोन्याची, असे ते सांगतात. लोकांनी दिलेला डाग त्यांनी दागिना करून घातला!

*सेना न्हावी.* त्यांनी विवेकाचा आरसा दाखवला, वैराग्याचा चिमटा हलवला, डोक्यावर शांतीचे पाणी चोळले आणि अहंकाराची शेंडी पिळली. ज्याचे डोके न्हाव्याच्या हातात आहे, तो कितीही मोठा असो, मान खालीच घालतो. हे ज्याने रोज पाहिले, त्यालाच हे रूपक सुचणार.

*जनाबाई.* नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, शेण, पाणी, सगळे तिच्या वाट्याला. तिने जात्याच्या खुंट्यांत जीव आणि शिव पाहिले, आणि दळणाचा प्रपंच करून त्याचेच पीठ केले.

*चोखोबा.* त्यांनी ऊस, नदी, धनुष्य अशा वाकड्या दिसणाऱ्या वस्तू घेतल्या आणि आतला रस, पाणी, बाण बघायला लावले. व्याकरणात याला दृष्टांत म्हणतील, पण काम तेच. ज्यांना जातीमुळे देवळाबाहेर उभे राहावे लागले, त्यांनी ऊस हातात घेऊन विचारले, की तुम्ही वरची साल बघता की आतला रस? मंगळवेढ्याला कुसवाचे काम करताना १३३८ साली भिंत कोसळून ते गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे. ते दार सर्वांना उघडायला मात्र १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. रूपक ऐकायला गोड, आचरायला किती जड, ते यावरून समजावे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या चौघांनी स्वतः केलेल्या, स्वतः सोसलेल्या गोष्टींतून अर्थ काढला. जनाबाईने जाते ओढले, म्हणून जात्याचे रूपक तिचे. आपण सोफ्यावर मोबाईल घेऊन बसायचे आणि सुनेला म्हणायचे, "अगं, स्वयंपाकघर हेच तुझं मंदिर!" हे रूपक नव्हे, ही पळवाट. दुसऱ्याच्या कष्टाला आपण सुंदर नाव देऊ नये. आधी उठून पोळ्या लाटायला बसावे. लाटता लाटता काही सुचले, तर ते खरे.

*या आठवड्याचा अभ्यास:*

१. आपण रोज हाताने करतो असे एकच काम निवडा. दुकानाचा हिशेब, शिवण, गाडी चालवणे, भांडी, काहीही चालेल.

२. त्या कामातली चार साधने लिहा. कामाचे नेमके शब्दच वापरा.

३. प्रत्येक साधनापुढे मनातली एक गोष्ट लिहा: राग, धीर, लोभ, नाम. ओढूनताणून जुळवू नका. जुळत नसेल तर ती जागा रिकामी ठेवा.

४. रविवारी घरात सगळे बसून एकमेकांना वाचून दाखवा. मोठ्यांनी मुलांचे आधी ऐकावे.

आणि वाचून झाल्यावर एक दिवस घरात कामांची अदलाबदल करा. दुसऱ्याचे जाते किती जड आहे, ते तेव्हाच कळेल.

जय गुरुदेव.