जूनमधला लॉरेल गाठायचा तर

मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला डोंगर तुडवून ‘फुलं कुठायत?’ म्हणत परतणारी मंडळी दरवर्षी भेटतात. न्यू जर्सी आणि पेन्सिल्वेनियाच्या डोंगरांत माउंटन लॉरेलचा खरा बहर साधारण जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला. दक्षिणेला व्हर्जिनियात थोडा आधी, आणि कुठेही गेलात तरी पायथ्याला आधी, माथ्यावर नंतर. खाली सडा पडलेला दिसला तर मागे न फिरता चढत राहावं. हे झुडूप एखाद्या वर्षी भरभरून फुलतं आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतं, त्यामुळे गेल्या जूनचे फोटो पाहून बेत आखण्यात अर्थ नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनकडच्यांना सोयीचं ठिकाण म्हणजे डेलावेअर वॉटर गॅप. तिथल्या माउंट टॅमनीवर चढायला लाल ठिपक्यांची वाट, उतरायला निळ्या खुणांची. लाल वाट उभी आणि खडकाळ, ती उतरताना गुडघ्यांचे हाल होतात, म्हणून क्रम उलटा करू नका. शनिवारी पार्किंग लवकर भरतं. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना टॅमनीवर ओढू नका. त्यांच्यासाठी व्हर्जिनियातल्या शेनान्डोआतला स्कायलाइन ड्राइव्ह बरा, लांबचा असला तरी तिथे लॉरेल रस्त्याच्या कडेलाच भेटतो.

फूल सापडलं की फोटोआधी एक करा. त्या पांढऱ्या-गुलाबी वाटीत डोकावा. दहा पुंकेसर मधून निघून बाहेरच्या बाजूला वाकलेले, प्रत्येकाचं टोक पाकळीतल्या छोट्या खळग्यात अडकवलेलं. वाऱ्याने उलटलेल्या छत्रीच्या काड्याच जणू! गवताच्या पात्याने एकाला हलकेच डिवचा. खळग्यातून टोक सुटतं आणि पुंकेसर उसळून पराग फेकतो. मधमाशी बसली की तिच्या अंगावर हाच मारा होतो. ताजं उमललेलं फूल निवडा, जुन्यातली ही कमान आधीच सुटलेली असते. फूल तोडायचं मात्र नाही. पार्कात त्याला बंदीच आहे.

तोंडात घालणं तर दूरच. पान, फूल, परागापासून मधापर्यंत सगळं विषारी. ग्रेयानोटॉक्सिन नावाचं हे विष पोटात गेलं की उलट्या होतात, नाडी मंदावते. उत्तराखंडच्या ट्रेकवर बुरांशचं, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचं, सरबत प्यायलेल्यांना हे मुद्दाम सांगतोय. बुरांश आणि लॉरेल एकाच कुळातले, पण म्हणून इथे तो प्रयोग नको. मक्याचं कणीस किंवा पनीर भाजायला याच्या काड्याही वापरू नका. नावात लॉरेल असलं तरी तमालपत्राशी याचं नातं नाही. लहान मुलं आणि कुत्रा बरोबर असेल तर डोळ्यांत तेल घालून बघा.

अस्वल, रॅटलस्नेक यांची भीती सगळ्यांना असते, गोचिडीची कुणालाच नसते. खरी धास्ती तिची. जूनमध्ये तिची पिल्लं जोरात असतात, आकाराने जेमतेम दीड मिलिमीटर, आणि लाइम रोग मुख्यतः पसरवतात तीच. फुलाच्या जवळ जायला वाट सोडून झुडपात शिरलात की ती अंगावर चढलीच म्हणा. फिकट रंगाची फुल पँट घाला, पायमोजे वर ओढा, कपड्यांना परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवा. घरी गेल्यावर आंघोळ करताना काखा, गुडघ्यामागचा भाग, केसांची मुळं तपासा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल, पेटती काडी, नेलपॉलिश असले घरगुती उपाय नकोत. नंतर चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टर गाठा.

जून हुकला तरी जुलैच्या सुरुवातीला ओढ्याकाठच्या सावलीत मोठ्या पानांचा ऱ्होडोडेंड्रॉन फुलतो. लॉरेलचं पान बोटाएवढं, याचं तळहाताहून लांब, फुलं नसतानाही फरक कळतो. दोन दिवस गाडी चालवायची तयारी असेल तर टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरचा रोन माउंटन आहेच. कार्व्हर्स गॅपला गाडी लावा, पुढे जांभळ्या-गुलाबी कटॉबा ऱ्होडोडेंड्रॉनची राई पसरलेली असते. अडचण एवढीच, की तीही जूनच्या मध्यानंतरच फुलते. एकाच जूनमध्ये दोन्हीकडे धावण्यापेक्षा टॅमनी यंदा आणि रोन पुढच्या वर्षी, असं मी सुचवीन.