पिकअप कंपनीकडून, पकड बाजारातून

पोरी, तुझी आणि तुझ्या भावाची यादी सावकाश वाचली. स्विफ्टला रिमॅप, मोठा एअर फिल्टर, सोळा इंची अलॉय, खाली बसवलेल्या स्प्रिंगा, नवा सायलेन्सर, असं सगळं गॅरेजवाल्याकडून करून घ्यावं असं त्याचं म्हणणं. तुझा प्रश्न वेगळा: तेवढेच पैसे घालून, स्विफ्ट विकून, कंपनीनेच तेज केलेली एखादी गाडी घ्यावी का? उत्तर आधीच सांगून टाकतो. इंजिनाची ताकद हवी असेल तर ती कंपनीने वाढवलेलीच घ्यावी. बाजारात पैसे घालायचे ते टायर, ब्रेक आणि दिवे यांच्यावर. आता कारणं ऐक, कारण उद्या भावाशी वाद घालावा लागेल तो तुला.

तुझ्या बाबांची जुनी डिझेल स्विफ्ट आठवत असेल. फियाटच्या रचनेचं ते १.३ लिटरचं इंजिन स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीचं होतं आणि त्याच मारुतीच्या एर्टिगात ९० चं. आता इंजिन तेच असताना हा फरक नुसत्या रिमॅपने, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बदलून, आलेला नाही. स्विफ्टला ठराविक घडणीचा टर्बो होता, तर एर्टिगाला पाती फिरणारा, म्हणजे कमी-जास्त वेगाप्रमाणे वाट बदलणारा टर्बो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अश्वशक्ती १५ ने वाढली, पण ओढ, ज्याला तुम्ही टॉर्क म्हणता, ती १९० वरून फक्त २०० न्यूटन-मीटरवर गेली. गिअरबॉक्स आणि क्लच मोडतात ते या ओढीने. कंपनीने वरची धाव वाढवली आणि खालचा ताण जपून ठेवला. रिमॅपवाला नेमकं उलट करतो. त्याला गिऱ्हाईक पहिल्याच फेरीत खूश करायचं असतं, म्हणून तो खालची ओढ भरपूर वाढवतो. पाठ सीटला चिकटते, पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, आणि क्लच प्लेट त्या दिवसापासून झिजायला लागते.

मी आयुष्यभर हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या औद्योगिक वसाहतीत मशिनिंग केलं. गाड्यांचे सुटे भाग आमच्याकडे यायचे तेव्हा सोबत ड्रॉइंग यायचं. कुठल्या व्यासाला किती मायक्रॉनची सूट, कठीणपणा किती, कुठल्या कोपऱ्याला किती गोलाई, सगळं लिहिलेलं. बेळगावच्या आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग एका आकड्याने चुकलं तर सगळा लॉट परत जायचा. त्या आकड्यांमागे कुणीतरी तो भाग तुटेपर्यंत दमवून पाहिलेला असतो. शिवाय गाडीचं कुठलंही मॉडेल रस्त्यावर विकण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून धूर, आवाज, ब्रेक, दिवे या सगळ्यांची मान्यता घ्यावी लागते. ताकद वाढवलेल्या मॉडेललाही तेच. गॅरेजमधल्या लॅपटॉपवर दिसतो तो आलेख फक्त इंजिनाचा असतो. गिअरबॉक्सचं तेल किती तापलं, घाटात तिसऱ्या वळणावर ब्रेकचं काय झालं, हे त्यात कुठेच नसतं.

आणि तुझी स्विफ्ट तर बिनटर्बोची पेट्रोल आहे. तिच्यात रिमॅपने मिळणारा खरा फरक इतका थोडा असतो की येल्लापूरच्या पुढे आरबैल घाट चढताना तुला तो जाणवायचाही नाही. ‘गाडी हलकी झाली’ असं जे वाटतं त्याचं कारण पॅडलची नोंद बदललेली असते: थोडं दाबलं की थ्रॉटल जास्त उघडतो. पूर्ण दाबल्यावर गाडी होती तिथेच. शिवाय आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. परदेशातल्या पेट्रोलवर बेतलेला मॅप इथे आणून चढवणारे आहेत, त्यांच्यापासून दूर राहा.

तू पोलो जीटी टीएसआयचं नाव लिहिलं आहेस. गाडी उत्तम. १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती, १७५ न्यूटन-मीटर, सात गिअरांचा डीएसजी. त्या गिअरबॉक्सचा जोडक्लच कोरडा असतो, तेलात बुडालेला नसतो, आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. भाऊ म्हणेल, म्हणजे ७५ ची जागा शिल्लक आहे. ती जागा शिल्लक ठेवलेली आहे ती उन्हाळ्यासाठी आणि गर्दीसाठी. चिगरी बसच्या मार्गिकेबाहेर, चेन्नम्मा सर्कलच्या अलीकडे एप्रिलच्या दुपारी तासभर रांगत गेलं की कोरडा क्लच किती तापतो याचा विचार कर. रिमॅपवाला तुला ती राखीव जागाच विकत असतो, आणि ती तू गाडी घेताना पैसे मोजून आधीच घेतलेली असते. म्हणून जुनी जीटी घेणार असशील तर मूळ मॅपवरची घे. फोक्सवॅगनच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला स्कॅन लावून द्यायला सांग. सॉफ्टवेअरशी छेडछाड झालेली सापडली तर त्यांच्या यंत्रणेत ‘टीडी-१’ अशी नोंद पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी तिथेच संपते. मालक स्कॅनला कां-कूं करू लागला तर सौदा सोडून दे.

आता कंपनीने तेज केलेल्या गाड्यांकडे जरा नीट बघ, कारण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेली अबार्थ पुंतो २०१५ मध्ये आली: १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क. २०१७ च्या बलेनो आरएसला एक लिटरचं टर्बो इंजिन आणि मागेही डिस्क ब्रेक. २०१८ मध्ये टाटांनी कोइमतूरच्या जयेमबरोबर टियागो जेटीपी काढली, ११४ अश्वशक्तीची. २०२४ च्या अल्ट्रोझ रेसरमध्ये ताकद ११० वरून १२० आणि ओढ १४० वरून १७० झाली, आणि ओढ वाढली म्हणून पाच गिअरांचा डबा जाऊन सहाचा आला. यातली खूण ओळखायला शीक: ताकद वाढली की तिच्याबरोबर ब्रेक किंवा गिअरबॉक्स किंवा दोन्ही बदलले आहेत. ज्या गाडीत लाल शिलाई, काळं छप्पर आणि स्टिकर एवढंच नवीन आहे, तिला जास्त पैसे देऊ नकोस. आय-ट्वेंटी एन लाइन २०२१ मध्ये आली तेव्हा इंजिन साध्या टर्बो आय-ट्वेंटीचंच होतं, १२० अश्वशक्तीचं. पण सस्पेन्शन घट्ट केलं, स्टीअरिंग बदललं, चारही चाकांना डिस्क दिल्या. माझ्या मते ती वाढीव किंमत योग्य आहे, कारण बदल नेमक्या जागी आहेत.

अशा तेज गाड्यांची एक खरी अडचण आहे, तीही सांगतो. या गाड्या थोड्या विकल्या जातात आणि लवकर बंद होतात. फियाटने भारतात गाड्या विकणंच थांबवलं. जेटीपी २०२० मध्ये बंद झाली, बलेनो आरएसही त्याच सुमारास. इंजिनाचे भाग मिळतात, कारण तीच इंजिनं थोड्याफार फरकाने दुसऱ्या गाड्यांतही होती. पण फक्त त्या मॉडेलचा बंपर, त्याचा टर्बोचा पाइप, त्याचे खास शॉकअप यांच्यासाठी महिनोन् महिने थांबावं लागतं. म्हणून घेण्याआधी हुबळीतल्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जा, चेसिस नंबर दे आणि पुढचा बंपर, क्लच सेट आणि मागचे ब्रेक पॅड यांचा भाव आणि मुदत विचार. तिथे जे उत्तर मिळेल ते विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा खरं.

कायद्याचं तुझ्या भावाला गंभीरपणे सांग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत लिहिलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. काचेवर काळी फिल्म लावायला २०१२ पासून मनाई आहे. पण मला पोलिसांपेक्षा जास्त काळजी वाटते ती इन्शुरन्सच्या सर्व्हेअरची. अपघातानंतर तो गाडीखाली टॉर्च घेऊन झोपतो, आणि न कळवलेला बदल दिसला की क्लेम अडतो. केए-६३ च्या पाटीवर जी गाडी नोंदवली आहे, तीच गाडी रस्त्यावर असली पाहिजे.

सायलेन्सरचं मात्र मी ऐकून घेणार नाही. आपण देशपांडे नगरात राहतो. याच नगरात गंगूबाई हनगल राहिल्या आणि इथेच सवाई गंधर्वांच्या नावाचं सभागृह आहे. आत विलंबित ख्याल चालू असताना बाहेरून सायलेन्सर फाडलेली गाडी गेली की गाणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं काय होतं, हे मी पाहिलं आहे. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला तर विषारी धूर आपल्याच गल्लीत, आपल्याच लेकरांच्या नाकात जातो. तेलाचा हात दिलेला उघडा एअर फिल्टरही नको. इथल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक. ती आत जाते, आणि फिल्टरचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं. कंपनीचा कागदी फिल्टर वेळेवर बदल, तेवढं पुरे. स्प्रिंगा गॅसने कापून गाडी खाली बसवणाऱ्याच्या दारातही उभी राहू नकोस. तापवलेल्या स्प्रिंगेचं पोलाद पूर्वीचं राहत नाही, ती कधी तुटेल हे कुणी सांगू शकत नाही.

आता पैसे कुठे घालायचे ते. तुझी स्विफ्ट व्हीएक्सआय, तिला १६५/८० आर १४ टायर. त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो, ६२० च्या जागी ६२२ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. टायर २० मिलिमीटर रुंद होतो, पकड वाढते. भावाला हव्या असलेल्या सोळा इंचीत १९५/५५ घातला तरी व्यास जुळतो, पण टायरच्या भिंतीची उंची बघ: चौदा इंचीत १३२, पंधरा इंचीत १२०, सोळा इंचीत १०७ मिलिमीटर. आपल्या रस्त्यांवरचा खड्डा ती भिंत झेलते. ती कमी पडली की रिम वाकतं नाहीतर टायर बाजूने फाटतो. म्हणून पंधरावर थांब. वरच्या मॉडेलची कंपनीची रिम मिळाली तर सर्वात बरं. बाहेरची घेतलीस तर आयएसआयची खूण, चार बोल्टांच्या वर्तुळाचा १०० मिलिमीटर व्यास (पीसीडी) आणि मधल्या भोकाचा व्यास हबशी जुळतो का, हे तिन्ही स्वतः बघ. भोक मोठं असलं की चाकाचा भार नुसत्या बोल्टांवर येतो आणि ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरतं. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाच: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सवलतीत मिळणारा टायर बहुधा जुना असतो.

ब्रेकसाठी फार खर्च नाही. ब्रेकचं तेल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-४ ताजं असताना २३० अंशांच्या पुढे उकळतं. ओल धरली की ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. आरबैल उतरताना पॅडल मऊ पडतं ते यामुळे. दर दोन वर्षांनी तेल बदलून घे, पॅड चांगल्या कंपनीचे घाल, आणि घाट ज्या गिअरने चढलीस त्याच गिअरने उतर.

दिव्यांना रिलेसह वेगळी वायरिंग घालून घे, म्हणजे बल्बला पूर्ण दाब मिळतो. बल्ब मात्र ६०/५५ वॅटचाच ठेव. १०० वॅटचा घातलास तर आरसा करपतो, आणि हॅलोजनच्या आरशात एलईडी कोंबली तर समोरच्याचे डोळे दिपतात. हुबळी-धारवाड बायपासवर अशा दिव्यांनी किती जीव धोक्यात येतात ते तू रोज येता-जाता पाहतेस. वायर कापून जोडणाऱ्याला काम देऊ नकोस. कपलरमध्ये कपलर बसला पाहिजे.

माझा निर्णय असा. स्विफ्ट अजून चांगली आहे. तिला पंधरा इंची चाकं, नवं ब्रेक तेल आणि दिव्यांची वायरिंग करून दोन वर्षं चालव आणि उरलेले पैसे बाजूला ठेव. तोवर ताकदीची हौस टिकलीच, तर चार डिस्कची, मूळ मॅपवरची, सर्व्हिसची सगळी बिलं असलेली एन लाइन बघ. सौदा पक्का करण्याआधी मला गाडीखाली एकदा बघू दे.